लडाख एकदा, हिंजवडी रोज

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडी फेज ३ मध्ये. रोजचं जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतं. सध्याची १५० सीसी गाडी दहा वर्षांची झाली, आता थकली आहे. नव्यासाठी दोन गाड्यांवर येऊन अडलोय : रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० आणि त्यांचीच हिमालयन ४५०. गाव देवरुखजवळ. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात जातो, आता एसटीऐवजी आम्ही दोघं गाडीनेच जायचं म्हणतोय. पुढच्या वर्षी लडाखचा बेत आहे. माझी उंची ५ फूट ५ इंच. सव्वादोन लाख साठवलेत, वरचं कर्ज काढीन. दोन्हींच्या ऑन रोड किमतीत सव्वा लाखाच्या वर फरक येतोय. मित्र म्हणतात, मीटिऑर ही काकांची गाडी, लडाखला हिमालयनच पाहिजे. बायको म्हणते, एवढी उंच गाडी कशाला? काय करू? आणि हो, हल्ली ऑफिसातून आलं की कंबर धरते, तेव्हा बसायला आरामशीर असावी.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे. ‘आणि हो’ म्हणून ती सहज जोडलीत, पण या दोन गाड्यांचा निकाल तिथेच लागतो. त्या कमरेकडे येतोच. आधी लडाख उरकून घेऊ, कारण तो डोक्यातून उतरल्याशिवाय बाकीचं नीट दिसायचं नाही.

लडाखच्या रस्त्यांवर हिमालयन सरस आहे, यात वाद नाही. पुढचं चाक २१ इंची, पुढे-मागे दोन्ही सस्पेन्शनला २०० मिलिमीटरची चाल, इंजिनाखाली २३० मिलिमीटर जागा. पण हिमालयन नावाची गाडी बाजारात आली २०१६ साली. त्याआधी लोक कार्ब्युरेटरवाल्या साडेतीनशेच्या बुलेटवर मनाली-लेह करतच होते. गाडीने वर जाऊन दम टाकला की प्लग साफ करायचा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटशी खटपट करायची आणि पुढे निघायचं. मीटिऑरला फ्युएल इंजेक्शन आहे, विरळ हवेत पेट्रोल किती सोडायचं ते तिचं ती बघते. खारदुंग-ला सुमारे ५,३५९ मीटरवर आहे. तिथे सगळ्याच इंजिनांची ताकद उतरते, हिमालयनची चाळीस बीएचपी चाळीस राहत नाही आणि मीटिऑरची वीस वीस राहत नाही, तरी दोन्ही गाड्या चढतात. मीटिऑरला तिथे जाच होईल तो नाल्यांत. तिच्याखाली जागा १७० मिलिमीटर, पाण्यातले गोटे खालून लागतात.

शिवाय लडाख आपल्याच गाडीने करायचं, असा काही नेम नाही. पुण्याहून मनालीला पोचायलाच दोनेक हजार किलोमीटर होतात. म्हणजे रजेतले सात-आठ दिवस नुसते सपाट हायवेवर जाण्यायेण्यात संपणार. विमानाने लेहला जाऊन तिथेच हिमालयन भाड्याने घेता येते. (मनालीहून किंवा दिल्लीहून भाड्याची गाडी घेऊन वर जाऊ नका. लेहचे भाडेवाले बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना फिरू देत नाहीत. स्वतःच्या नावावरची गाडी असेल तर प्रश्न येत नाही.) अगदी आपलीच गाडी हवी असेल तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आरसीची प्रत द्या, टाकी रिकामी करा, बारदानात बांधून पाठवा. जन्मात एकदा, फार तर दोनदा होणाऱ्या सहलीसाठी सव्वा लाख जास्त मोजणं मला पटत नाही. तेव्हा हिमालयनच्या बाजूच्या कारणांतून लडाख खोडून टाका. ती घ्यायची असेल तर दुसरी कारणं पाहिजेत. ती आहेत का ते बघू.

मित्रांचं दुसरं कारण ताकदीचं असणार. हिमालयनला ४० बीएचपीच्या आसपास, मीटिऑरला २०. कागदावर सरळ दुप्पट. पण ही ताकद ओतायची कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. राज्यातले झाडून सगळे वेगाचे रस्ते आपल्याला बंद आहेत, आणि जे उघडे आहेत त्या चौपदरी रस्त्यांवरही केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. पुणे-सातारा रस्त्यावर मीटिऑर ८० ने दिवसभर पळते, कुरकुरत नाही. नव्वदच्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट थरथरायला लागतात, पण तेवढं जायचं कारणच नाही. नुसतं सरळ पळायचं असेल तर २० बीएचपी पुरतात.

पुरत नाहीत ते कुंभार्ली घाटात, आणि तेही येताना. गावाला जाताना तुम्ही उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करत घाट उतरता, बॅगेत दोघांचे चार कपडे. परतताना पोफळीपासून वर चढायचं असतं आणि तेव्हा गाडीवर काय काय असतं ते तुम्हीच आठवा. तांदूळ, कुळीथ, सोलं, मे महिना असेल तर आंब्याची पेटी, आणि ‘एवढं काय, मावतंय की’ म्हणत आईने शेवटच्या क्षणी कोंबलेले दोन नारळ. दोन माणसं आणि सामान मिळून दीडशे किलो धरा. अशी भरलेली मीटिऑर घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला निमूट चढते, नाही म्हणत नाही. पण पुढे टँकर आला की त्याच्यामागे धूर खात बसावं लागतं. दोन वळणांच्या मधला जो शे-दीडशे मीटरचा सरळ तुकडा मिळतो, त्यात तिच्याने ओव्हरटेक पुरा होत नाही. हिमालयन एक गिअर खाली टाकला की त्याच तुकड्यात टँकर मागे टाकून आपल्या बाजूला येते. पाटण-कराड पट्ट्यात गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, तिथेही तेच. जास्तीची ताकद वेगासाठी मागू नका. समोरच्या लेनमध्ये आपण किती सेकंद उघड्यावर असतो, ते सेकंद कमी करायला ती लागते. हे कारण मी खरं धरतो. पण वर्षातून तीन खेपा, हे त्याचं वजन आहे. तेवढंच धरायचं.

आता पैसे. सव्वा लाखाचा फरक नुसता गाडीतला नाही, त्यात सरकारने आखलेली ३५० सीसीची रेघही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना आधी सेस धरून ३१ टक्के पडत, ते ४० झाले. मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसीचं, म्हणजे रेघेच्या एक सीसी अलीकडे. हिमालयन ४५२ ची. विम्यालाही हीच रेघ आहे. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दराने १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७, आणि त्यावर कर वेगळा. शोरूमवाला सगळं एका आकड्यात गुंडाळून सांगतो. तुम्ही फोड लेखी मागा. ‘हँडलिंग चार्जेस’ किंवा न मागितलेल्या ॲक्सेसरीज अशा ओळी त्यातच दडलेल्या असतात.

पेट्रोलचा बाऊ मात्र करू नका. मीटिऑरचं ॲव्हरेज ३५ आणि हिमालयनचं २८ धरलं, वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले, तर हिमालयनला ८५ लिटरच्या आसपास जास्त लागतं. आजच्या भावाने वर्षाचे नऊ हजार रुपये. झोंबतात, पण निर्णय फिरवण्याइतके नाहीत. जड आहे तो हप्ता. दीड लाखाचं कर्ज, तीन वर्षं, ११ टक्के व्याज असं धरलं तर महिन्याला ४,९०० च्या आसपास जातील, आणि व्याजच जवळपास २७ हजार होईल. तुमच्या घराचा ताळेबंद मला माहीत नाही, तो तुम्ही दोघांनी मांडायचा. मी एवढंच विचारीन, की हिमालयन घेतल्यावर दोन चांगली आयएसआय शिक्क्याची हेल्मेटं, दोन जाकिटं, हातमोजे, पावसाळी कपडे यांना वीस-पंचवीस हजार उरतात का? उरत नसतील तर ती गाडी आज तुमच्या ऐपतीत बसत नाही, मग शोरूमवाला काहीही म्हणो.

आता रोजचा रस्ता. कोथरूडहून चांदणी चौक, तिथून हायवेने बावधन, सूस, बालेवाडी करत वाकड आणि भूमकर चौकापासून पुढे मुंगीच्या पावलाने हिंजवडी. म्हणजे अर्धा रस्ता पन्नास-साठने आणि उरलेला पहिल्या-दुसऱ्या गिअरला. या दुसऱ्या अर्ध्यात मीटिऑर सुखाची आहे. तिचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४,००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांना) हाताशी येतो, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून क्लचशी फार न खेळता ती रांगत राहते. हिमालयनचा ४० न्यूटन-मीटर आहे पण ५,५०० ला. तीन हजारांच्या खाली ती कुरकुरते, गिअर उतरवायला लावते. क्लच हलका आहे म्हणून हात दुखत नाही, पण मनगट आणि पाय सतत कामाला. वर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम वारा पायांवर येतो. एप्रिलमध्ये शिवाजी चौकात उभं राहिलात की माझी आठवण येईल.

आणि उंची. मीटिऑरची सीट ७६५ मिलिमीटर, हिमालयनची ८२५, म्हणजे सहा सेंटिमीटरचा फरक. ५ फूट ५ इंचाच्या माणसाचे पाय मीटिऑरवर सपाट टेकतात, गुडघे वाकलेले राहतात. हिमालयनवर चवडे टेकतील, टाचा बहुधा वर राहतील. लो सीट बसवली की ती ८०५ वर येते. गाडी १९६ किलोची आहे. मीटिऑरही काही फुलासारखी नाही, १९१ भरते, पण तिचं वजन खाली बसलंय आणि हिमालयनचं वर. भरल्या टाकीने, १७ लिटरच्या, सिग्नलला उतारावर एक पाय खड्ड्यात गेला की हा फरक कळतो. एकदा पुरेशी कलली की कुणाच्या बापाला सावरत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग मीटिऑरच की! स्वस्त आहे, बुटकी आहे, गर्दीत सोयीची, लडाखलाही जाते. तुमच्या कमरेची ओळ नसती तर मीही हेच लिहून पत्र मिटलं असतं. काकांच्या गाडीला माझी काही हरकत नाही, मी स्वतः त्याच वयाचा आहे.

आता एक करा. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसा, दोन्ही पाय समोर लांब करा आणि हात न लावता बूड नुसतं दोन इंच वर उचलून बघा. उचलणार नाही. आता पाय मागे घ्या, तळवे गुडघ्यांच्या खाली आणा आणि तेच करा. सहज उचलतं. मीटिऑर आणि हिमालयनमधला तुमच्या कामाचा सगळा फरक या दोन बैठकींत आहे. मीटिऑर क्रूझर आहे, तिचे फूटरेस्ट पुढे आहेत. शोरूममध्ये बसलं की आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं, पाय पसरलेले, पाठ ताठ, हात सैल. हायवेच्या गुळगुळीत रस्त्यावर तो आराम खराही आहे. पण वरचं सगळं वजन माकडहाडावर येतं, पायांवर काहीच येत नाही. मागचं चाक खड्ड्यात गेलं की दणका सीटमधून थेट मणक्यात. समोर खड्डा दिसला तरी बूड उचलायला पायाखाली आधार नसतो. मागच्या दोन शॉकॲब्सॉर्बरची चालही हिमालयनच्या पासंगाला पुरत नाही. त्यांचं काम संपलं की उरलेलं काम कंबर करते.

हिमालयनवर तळवे जवळपास कमरेच्या खाली येतात. स्पीड ब्रेकर आला, पायांवर जोर देऊन इंचभर उठलात, गाडी खालून निघून गेली. रस्ता फारच खराब असला तर सरळ उभं राहून चालवता येते, हँडल त्या हिशेबानेच उंच दिलंय. आता तुमचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. हिंजवडीतले ब्रेकर, हायवेच्या सर्व्हिस रोडवरचे अर्धवट बुजवलेले चर, आणि गावाकडे आरवलीपासून संगमेश्वरपर्यंतचा पट्टा, जो वर्षानुवर्षं उकरलेलाच आहे. कमरेचा हिशेब रोज चाळीस किलोमीटर होत राहणार, त्यापुढे वर्षातून तीनदा भेटणारा टँकर काहीच नाही. हे हिमालयनच्या बाजूचं खरं कारण, आणि ते तुमच्या मित्रांपैकी एकालाही सुचलेलं दिसत नाही.

अर्थात गाडी म्हणजे औषध नव्हे. कंबर रोज धरत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाऊन या, मग शोरूम. काय निघतं त्यावर कदाचित वर्षभर दुचाकीच बंद असाही सल्ला मिळेल. तसं झालं तर हे उत्तर बाजूला ठेवा.

वहिनींचा प्रश्न तुम्ही गमतीने लिहिलात, पण मी तो अर्धं मत धरतो. गाडी त्या चालवणार नाहीत, पण तीनशे किलोमीटर मागे बसणार त्याच. उंच गाड्या चालताना सहसा पडत नाहीत. पडतात त्या उभ्या असताना, मागचं माणूस चढताना. तुम्ही चवड्यांवर उभे, वहिनींनी डावा पाय फूटरेस्टवर ठेवला, हात तुमच्या खांद्यावर, आणि सगळं वजन एकदम डावीकडे आलं. गाडी डावीकडे निघते, तुमची टाच टेकत नाही, संपलं. त्याला उपाय सोपा आहे, पण सवय लावावी लागते. पुढचा ब्रेक दाबलेला हवा, गाडी केसभर उजवीकडे कललेली हवी, उजवा पाय सपाट जमिनीवर हवा, आणि ‘ये’ म्हटल्याशिवाय त्यांनी पाय उचलायचा नाही. उतरतानाही तसंच. उतारावर किंवा खडीवर तर साइड स्टँड लावून, गिअरमध्ये ठेवूनच चढू द्यावं. हे दोघांना जमलं तर सीटची उंची फार आड येत नाही. जमलं नाही, किंवा वहिनींना चढताना प्रत्येक वेळी धाकधूक वाटली, तर हिमालयनचा विषय तिथेच संपवा. मागे बसणारा माणूस जीव मुठीत धरून बसला की सहल सहल राहत नाही.

म्हणून टेस्ट राइडला दोघंही जा. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरून काही कळत नाही, तेव्हा कुठलीही गाडी छानच वाटते. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा. जे बूट घालून ऑफिसला जाता तेच घाला, स्पोर्ट्स शूजच्या जाड तळव्याने सेंटिमीटरभर उंची फुकट मिळते आणि फसगत होते. हिमालयनला लो सीट बसवलेली गाडी मागा, नसेल तर बसवून ठेवायला सांगून दुसऱ्या दिवशी जा. दोन्ही गाड्यांवर एकच खराब रस्ता धरा, डबलसीट. आणि निघण्यापूर्वी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, डबलसीटसाठी वाढवून मागा. मीटिऑरला सहा खाचा आहेत, आकडीच्या पान्याने फिरवायच्या. टेस्ट राइडची गाडी बहुतेक एका माणसाच्या हिशेबाने ठेवलेली असते, तशीच दोघांनी चालवली तर ती बिचारी उगाच बदनाम होते. परत आल्यावर लगेच मत देऊ नका. कंबर काय म्हणते ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कळेल.

माझं मत विचाराल तर हिमालयन घ्या. लो सीटवर दोन्ही चवडे नीट टेकले पाहिजेत, वहिनींना चढणं-उतरणं जमलं पाहिजे आणि हेल्मेट-जाकिटांचे पैसे वेगळे उरले पाहिजेत. या तिन्हींतलं एकही हुकलं तर हट्ट करू नका.

घेतलीत तर ट्यूबलेस स्पोक चाकांवर पैसे खर्च करा. साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते. कुंभार्लीच्या मध्यावर पावसात पुढचं २१ इंची चाक पंक्चर झालं तर चाक काढा, टायर उचकटा, ट्यूब ओढा, ठिगळ लावा, आणि हे सगळं एका हाताने बॅटरी धरून. ट्यूबलेसला भोकात पंक्चरची रबरी दोरी खुपसली, छोट्या पंपाने हवा भरली, की दहा मिनिटांत पुढे. कंपनी ती चाकं जास्त पैशांत देते, ते पैसे द्या. त्याऐवजी क्रॅश गार्ड सोडून बाकीच्या सगळ्या ॲक्सेसरीज आत्ता नाकारा. पेट्या, जाळ्या, जादा दिवे हे सहा महिन्यांनी खरंच लागलं तर घ्या. बहुतेक लागत नाही.

आणि हट्ट सोडावा लागला तर? मग मीटिऑरकडे न जाता त्याच शोरूममधल्या क्लासिक ३५० वर बसून बघा. इंजिन तेच ३४९ सीसीचं, कर तोच १८ टक्के, विम्याचा दर तोच. फूटरेस्ट मात्र मीटिऑरइतके पुढे नाहीत, त्यामुळे खड्ड्यात थोडं तरी उठता येतं. गंमत म्हणजे तिची सीटही ८०५ मिलिमीटर आहे, लो सीट लावलेल्या हिमालयनइतकीच. पण वजन खाली असल्याने ती तेवढी उंच वाटत नाही. टाकी १३ लिटरची, देवरुखला एका टाकीत आरामात पोचाल. अलॉय आणि ट्यूबलेस चाकं तिच्या सगळ्या प्रकारांत येत नाहीत, तेवढं विचारून घ्या. चाकणला बनणारी ट्रायम्फ का नाही, डॉमिनार का नाही, असं विचारणारे बरेच भेटतील. चांगल्या गाड्या आहेत, पण तुम्ही ज्या शोरूमच्या दारात उभे आहात तिथेच तुमचं काम होत असताना आणखी चार दारं उघडायला मी सांगणार नाही.

एक तारखेचं गणित. गाडी गणपतीला न्यायची असेल तर बुकिंग शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असते. रोजचे चाळीस धरले तर त्याला अडीच आठवडे लागतात, आणि सणाच्या तोंडावर वर्कशॉपमध्ये नंबर मिळता मिळत नाही. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवसापासून गावाला निघायच्या दिवसापर्यंत महिनाभर तरी ठेवा. पहिलं ऑइल बदलून, चेन आवळून झाल्याशिवाय ती भरून घाटात नेऊ नका. आणि नंबर पडून एचएसआरपी प्लेट लागल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, दंड तुमच्याच नावावर निघतो.